दोन पंचेचाळीसची बस

हाफ मॅरेथॉनमध्ये काही धावपटूंच्या हातात किंवा पाठीवर झेंडा असतो आणि त्यावर वेळ लिहिलेली असते: २:००, २:१५, २:३०. हे पेसर. तेवढ्या वेळात शर्यत संपवायची असेल तर त्यांच्या झेंड्याबरोबर राहायचं. पेसरभोवती जो घोळका जमतो त्याला आम्ही धावणारे 'बस' म्हणतो. मी २:४५ ची बस नेली ती सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे निम्मी शर्यत यवतेश्वरच्या घाटाने वर आणि निम्मी त्याच घाटाने खाली. त्या तयारीबद्दल आणि त्या सकाळबद्दल लिहितोय. सोबत कारखान्यातलं माझं काम त्यामुळे कसं बदललं तेही सांगणार आहे, कारण माझ्यापुरत्या या दोन गोष्टी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत.

सातारच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी मशीन शॉपचा सुपरवायझर आहे. हाताखाली ऑपरेटर, हेल्पर आणि आयटीआय करून आलेली शिकाऊ पोरं. धावायला का लागलो, तर चाळिशी, वजन, डॉक्टरांचा सल्ला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक धावल्याचा गिनीज विक्रम तिच्या नावावर लागला आणि सातारकरांना तिचा खरा अभिमान वाटायला लागला. पुढच्याच वर्षी आमच्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली. १९८४ साली पी. टी. उषा धावली होती, त्यानंतर ट्रॅकवरची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ही पहिली भारतीय महिला. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी अंतिम फेरी झाली, ती दहावी आली. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथली मुलगी जगात दहावी. त्या आठवड्यात कारखान्यात चहाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता, आणि माझ्या लाईनवरची दोन पोरं धावायला येतो म्हणाली ती त्यानंतरच.

सुरुवातीची काही वर्षं मी माझ्या वेळेसाठी धावलो. २:३१ वरून २:१० वर आलो. यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते आमच्या ग्रुपमधल्या सुभेदार काकांनी. काका मूळचे अपशिंग्याचे. त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, घरटी माणूस फौजेत. काकांचं म्हणणं एकच, आठवड्यातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश पाहिजे की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "धाप लागली की शिकणं थांबलं," असं ते म्हणायचे. मी ते मन लावून पाळलं. सावकाश धावण्याने हृदयाचा एकेका ठोक्याचा पुरवठा वाढतो, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि चरबी जाळून धावायची सवय शरीराला लागते. जोराचं धावणं आठवड्यात एकदा किंवा फार तर दोनदा. ग्रुपमधले रोज जीव खाऊन धावणारे एकेक करून दुखापतीने घरी बसले आणि मी हळूहळू वेगवान होत गेलो.

एका पावसाळ्याच्या तोंडावर काका म्हणाले, "आता तुझी येळ कमी करून कुणाचं काय भलं हुनार हाय? झेंडा घे."

मी २:३० चा मागितला. काकांनी २:४५ चा दिला. "तू दोन धाला येतोस. तुझ्यापाशी पस्तीस मिनिटं शिल्लक पायजेत. ती कशाला, ते तुला तितं कळंल."

पेसरला आपल्या क्षमतेपेक्षा बरीच सावकाश वेळ देतात हे मला माहीत होतं. मला वाटायचं, खात्रीने वेळेत पोचता यावं म्हणून देत असतील. ते खरंच आहे, पण अर्धंच.

आधी कागदावरचं काम झालं. हाफ मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर २:४५ मध्ये म्हणजे किलोमीटरला सरासरी ७ मिनिटं ४९ सेकंद. सपाट रस्त्यावर पेसरने हाच वेग पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत धरायचा असतो. घाटात तसं करता येत नाही. चढावर ७:४९ ने बस नेली तर वर पोचेपर्यंत निम्मी बस संपते. घाटात सारखी ठेवायची ती मेहनत, वेग नाही. चढावर श्वास जसा चालला होता तसाच उतारावर चालला पाहिजे, मग घड्याळ काही का दाखवेना. बरेच आठवडे घाटात जाऊन, ग्रुपमधल्या २:४५ च्या आसपासच्या लोकांना बरोबर नेऊन, आम्ही आकडे काढले. वर जायला ८७ मिनिटं, खाली यायला ७७. एकूण १६४, म्हणजे एक मिनिट हातात. त्यातसुद्धा सगळा चढ सारखा नाही. गावातून समर्थ मंदिराकडे जाताना चढ हळूहळू लागतो, बोगद्याजवळून घाट सुरू झाला की खरा. तिथे किलोमीटरला पावणेनऊ मिनिटं लागली तरी लागू द्यायची.

मग घड्याळ. जीपीएसचं घड्याळ घाटातल्या वळणांवर चुकतं. डोंगराची भिंत एका बाजूला असली की त्याला उपग्रह नीट दिसत नाहीत आणि ते शंभर मीटरला एकशे दहा म्हणतं. म्हणून पेसरने किलोमीटरच्या पाटीजवळ हाताने बटण दाबून वेळ घ्यायची आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. कारखान्यात आम्ही मापाच्या डिजिटल व्हर्नियरवर विसंबून न राहता मास्टर पीसशी, म्हणजे अचूक मापाच्या नमुन्याशी, ताडून बघतो, तेच हे. माझी पट्टी मुलीने छापून लॅमिनेट करून दिली. एकवीस ओळी, प्रत्येक किलोमीटरला किती मिनिटं झालेली असावीत ते.

झेंड्याचीही सवय करावी लागते. पावसाळ्यात यवतेश्वरच्या वळणांवर वारा समोरून येतो आणि झेंडा हात मागे ओढतो. तासभर झेंडा उंच धरला की खांदा भरून येतो, खांदा भरला की मान आखडते, आणि मान आखडली की आवाज चिरका होतो. पेसरचा आवाज चिरका झाला की बसला वाटतं काहीतरी बिघडलंय. म्हणून मी काठीला जुना टॉवेल बांधून सराव केला. दर किलोमीटरला हात बदलायचा आणि खांदा खाली सोडायचा.

आणि बोलणं. सुभेदार काकांनी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझी सवय 'चला, चला, कमॉन' अशी होती. काका म्हणाले, "चला म्हनून सांगायचं न्हाई. चालल्यातच की ते. फुडं काय हाय ते सांग. हुकूम एकदा, माहिती धा वेळा." मग मी घाटाचा रस्ता पाठ केला. कुठल्या वळणानंतर जरा सपाटी येते, कुठे रस्त्यावर खडी आलीये, पाण्याचं टेबल डावीकडे आहे की उजवीकडे. "पुढच्या वळणापर्यंत पावलं लहान, तिथून शंभर मीटर सपाट, तिथं श्वास घ्या." असं वाक्य ऐकलं की माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे मी सरावात पुन्हा पुन्हा बघितलंय. दमलेल्या माणसाला प्रोत्साहनापेक्षा पुढे काय आहे ते कळलं तर जास्त बळ येतं. सकारात्मक नेतृत्वावर कंपनीत आमच्यासाठी एक प्रशिक्षण ठेवलं होतं, त्यात कौतुक कसं करावं यावर बराच भर होता. कौतुक हवंच. पण खरी माहिती, वेळेवर आणि शांत आवाजात मिळणं, याच्याइतकं आश्वासक मला दुसरं काही आढळलेलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबर, वाटतात, तिथे पेसर लोकांना भेटतात. माझ्याबरोबर सहपेसर म्हणून कोरेगावच्या एका शाळेतल्या बाई होत्या. आमच्याभोवती तीसेक लोक जमले. फलटणहून आलेल्या पन्नाशीच्या एक मावशी, त्यांची सून, पुण्याचे एक बँकेतले गृहस्थ, कराडचा एक कॉलेजातला पोरगा, इस्लामपूरचे दोघे भाऊ. मी त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगितली. "उद्या वरचा वळसा घेताना आपण सरासरीच्या हिशोबाने साडेचार मिनिटं मागे असणार. तुमचं घड्याळ तुम्हाला घाबरवणार. घाबरायचं नाही. ८७ मिनिटांनी वळसा, हे ठरलेलं आहे."

बँकेतल्या गृहस्थांना हे पटेना. सुरुवातीला ताजे असताना थोडी मिनिटं कमवून ठेवू, म्हणाले. बहुतेकांना असंच वाटतं. मी त्यांना सांगितलं, चढावर ज्या वेगाला तुम्ही धापा टाकायला लागता त्या वेगाने कमावलेलं एक मिनिट शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये तीन मिनिटं घेऊन जातं, कारण शरीरातला साखरेचा साठा जोरात धावताना कितीतरी पटीने लवकर संपतो. त्यांनी मान हलवली. पटलं असं वाटलं नाही. तरी ते बसमध्ये आले.

सकाळी पोलिस परेड ग्राउंडवर भुरभुर पाऊस होता. पोवई नाक्यापासूनच दुतर्फा लोक. ढोल, लेझीम, शाळेची पोरं हात पुढे करून टाळी मागत होती. ही शर्यत धावली नसेल त्यांना सांगून कळणार नाही, पण सातारकर त्या दिवशी परक्या माणसालाही नावाने हाक मारतात, कारण बिबवर नाव छापलेलं असतं आणि ते वाचून ओरडतात. हे सगळं पेसरसाठी अवघड असतं. ढोल वाजला की पाय आपोआप उचलतात. पहिला किलोमीटर ठरल्यापेक्षा दहा सेकंद जरी आधी आला तर बस आधीच चुकली असं समजायचं. आम्ही दोघं मुद्दाम पावलं आखडत होतो. आमच्या डावी-उजवीकडून लोक सपासप पुढे जात होते. बसमधली मंडळी चुळबुळायला लागली. बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जाऊ द्या त्यांना. घाटात भेटतील." आणि भेटले. यवतेश्वरच्या पहिल्या मोठ्या वळणानंतर ते चालताना दिसायला लागले, एकेक करून.

घाटात माझं काम एवढंच होतं, पावलं लहान ठेवायची, नजर पंधरा-वीस फुटांवर आणि बोलत राहायचं. उजवीकडे खाली धुक्यात सातारा अधूनमधून दिसत होता. मावशी सलवार-कमीजवर, पायात मात्र चांगले बूट. दर किलोमीटरला विचारायच्या, "भाऊ, किती राहिलं?" मी एकूण अंतर सांगायचं टाळत होतो. "पुढची पाटी सहा मिनिटांवर, मावशी." मग त्या पुढच्या पाटीपर्यंत गप्प.

बसमधल्या माणसाची तब्येत कशी आहे हे ओळखायची एक रीत मला काकांनी शिकवली होती. "ठीक ना?" असं विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात, रुग्णवाहिकेत झोपलेला माणूसही हो म्हणतो. उत्तराला पूर्ण वाक्य लागेल असा प्रश्न विचारायचा. मी आळीपाळीने प्रत्येकाला विचारत होतो, सकाळी काय खाल्लं, गावी पाऊस कसाय, बूट कुठून घेतले. वाक्य पूर्ण आलं, मध्ये श्वासासाठी थांबावं लागलं नाही, की माणूस बरा.

वरच्या वळशाला पट्टीप्रमाणे ८७ हवी होती, माझ्या घड्याळात ८६:४० झाली होती. बँकेतले गृहस्थ घड्याळाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पेसर, आपण चार मिनिटं मागे आहोत." मी काही बोलायच्या आत मावशींची सून म्हणाली, "काल सांगितलंच होतं की. साडेचार ठरली होती." बसमध्ये कुणी विचलित झालं नाही. ते वाक्य मी बोललो असतो तर एवढं लागलं नसतं. आदल्या दिवशी तीनदा सांगितलेलं आता बसचं झालं होतं, माझं राहिलं नव्हतं.

वळसा घेतल्यावर कराडच्या पोराला विचारलं, "कॉलेज कुठलं?" तो नुसतं "अं" म्हणाला. पुन्हा विचारलं. माझ्याकडे बघून हसला, पण उत्तर नाही. ओठ पांढरे पडले होते. दंडाला हात लावला तर गार. आजूबाजूचे सगळे घामाने आणि पावसाने भिजलेले, पण अंग गरम होतं. त्याचं तसं नव्हतं. मी झेंडा बाईंकडे दिला आणि त्याला कडेला घेतलं. तो नको म्हणत होता. "दादा, मी येतो, मला जमेल." मी म्हटलं, "तुझी शर्यत आज इथं संपली. डोंगर कुठं जात नाही." स्वयंसेवकाला हाक मारली, त्याने वायरलेसवर कळवलं, वैद्यकीय पथकातली मुलगी ब्लँकेट घेऊन आली. दोन दिवस ताप होता, हे तेव्हा त्याने सांगितलं. तापात धावलं तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे मी ग्रुपमध्ये पोरांना नेहमी सांगतो. त्याला बाकावर बसलेला, गरम पाण्याचा कप हातात धरलेला बघितला, पथकातली मुलगी म्हणाली तुम्ही जा, तेव्हा मी निघालो.

या सगळ्यात तीन मिनिटं गेली. बस चारशे मीटर पुढे, वळणाआड.

काकांची पस्तीस मिनिटं कशासाठी होती ते इथे कळलं. बस ७:१८ च्या वेगाने उतरत होती. मी ५:५० ने सुटलो. माझी स्वतःची तयारी तेवढी होती, म्हणून श्वास फारसा न चढता दोन किलोमीटरमध्ये मी बसला गाठलं, झेंडा घेतला आणि लगेच बोलायला लागलो. मी जर २:३५-२:४० चा धावपटू असतो तर त्या पोरासाठी थांबताना माझ्या डोक्यात घड्याळ वाजत राहिलं असतं. कदाचित मी त्याला विचारलंच नसतं, कारण उत्तर काय येईल याचीच भीती वाटली असती. कित्येक वर्षं पहाटे उठून मी जी मिनिटं कमी केली ती माझ्या नावापुढे लागावीत म्हणून, असं तेव्हा वाटत होतं. त्यांचा खरा उपयोग त्या दोन किलोमीटरमध्ये झाला. दुसऱ्याकडे लक्ष द्यायचं तर आपल्यापाशी शिल्लक असावी लागते. स्वतःच्याच श्वासासाठी झगडणाऱ्याला दुसऱ्याचे पांढरे ओठ दिसत नाहीत.

उतारावर बस सांभाळणं चढापेक्षा कठीण. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच सगळा भार झेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. यावर उपाय म्हणजे आधी उतारावर धावून ठेवणं. शर्यतीच्या काही आठवडे आधी एक-दोनदा उतार चांगला धावून काढला तरी स्नायू पुढच्या वेळी कितीतरी कमी दुखावतात. ज्यांनी हे केलं नव्हतं त्यांना मी लांब ढांगा टाकू देत नव्हतो. "आवाज करू नका, पाय हळू टेका." तीस जणांची पावलं हलकी पडायला लागली की रस्त्यावर वेगळाच सूर येतो. पाण्याच्या टेबलांवर उलट थांबवावं लागत होतं, गार हवेत लोक सवयीने प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास घेतात. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि हे संथ धावणाऱ्यांना जास्त होतं कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात. तहान असेल तर दोन घोट, मिठाची चिमूट, पुढे.

समर्थ मंदिर मागे पडलं आणि गावात शिरलो, तेव्हा मी मोठ्याने सांगितलं, "ज्यांच्या पायात दम आहे त्यांनी आता झेंडा सोडायचा. पुढे जा. माझ्या आधी पोचा." काही जण लगेच सुटले. मावशी तयार होईनात. "नको भाऊ, मी तुमच्या मागंच बरी." मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला बोलताना धाप लागत नाहीये. जा." सुनेने त्यांचा हात धरून ओढलं.

२०१९ च्या १२ ऑक्टोबरला व्हिएन्नात केनियाचा एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, धावला. त्याच्यासाठी ४१ पेसर पाळीपाळीने धावले, काही त्याच्या पुढे वारा अडवायला आणि काही मागे. जगातले निवडक धावपटू होते ते, त्यांच्यात ऑलिंपिक पदकविजेतेही होते. शेवटी ते सगळे मागे सरले आणि तो एकटा पुढे गेला, आणि मागून ते हात उंचावून ओरडत होते. ते चित्रण मी अनेकदा बघितलंय. त्यातली वेळ मला आता आठवावी लागते, त्या लोकांचे चेहरे आठवावे लागत नाहीत.

आम्ही २:४४:२५ ला रेषा ओलांडली. आमच्याबरोबर सात-आठ जणच होते, बरेचसे आधी पोचले होते. मावशी २:४३ ला आल्या. बँकेतल्या गृहस्थांच्या पोटऱ्यांत शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये गोळे आले, त्यांना २:४९ लागले. चारजण घाटातच मागे पडले होते, त्यांना मागची ३:०० ची बस मिळाली. सगळ्यांना वेळेत आणलं असं मी म्हणणार नाही. कुणालाही ते पूर्णपणे जमत नाही. कराडच्या पोराचा संध्याकाळी फोन आला, घरी पोचला होता, आई शेजारी होती, तिनेही बोलून घेतलं.

कारखान्यात काय बदललं ते आता सांगतो. शिफ्ट सुरू होताना मी लाईनवरून फिरतो. आधी "काय, ओके?" विचारायचो आणि सगळ्या मशीनवरून "ओके साहेब" यायचं. आता प्रत्येकाला असं विचारतो की उत्तराला वाक्य लागेल. "पहिला जॉब कितीवर आला?" म्हणजे पहिल्या भागाचं माप किती आलं. "इन्सर्ट कधी बदललास?" इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं पातं. एका सकाळी व्हीएमसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचा, आमचा जुना ऑपरेटर या प्रश्नावर घुटमळला. तो कधी घुटमळत नाही. बाजूला घेऊन बसवलं. रात्रभर वडिलांच्या उशाशी जागा होता, आणि त्या अवस्थेत मशीनसमोर उभा राहिला होता. त्याला घरी पाठवला. हजेरीचं मी बघतो म्हटलं. त्या मशीनवर मी स्वतः उभा राहिलो, कारण मी माझी कामं अशी लावून घेतलीत की दिवसातले दोन-तीन तास माझ्याकडे कुठलंच ठरलेलं काम नसतं. आधी मला ते आळशीपणाचं वाटायचं, वरिष्ठांनाही सुरुवातीला तसंच वाटलं. आता ते विचारतात, तुझ्या लाईनवर बंद पडलेलं मशीन इतक्या लवकर कसं चालू होतं.

आणि आकडे आधी सांगणं. गेल्या दिवाळीनंतर नवा भाग आला, तो मशीनवर पकडायचं फिक्स्चरही नवं. मी वरिष्ठांना आणि लाईनवरच्या सगळ्यांना एकत्र उभं करून सांगितलं की पहिल्या आठवड्यात टार्गेटच्या साठ टक्केच निघतील आणि रिजेक्शन नेहमीपेक्षा जास्त असेल, तिसऱ्या आठवड्यात भरून निघेल, कसं ते हे बघा. फळ्यावर रोजचा अपेक्षित आकडा लिहिला. तिसऱ्या दिवशी वरिष्ठ चढ्या आवाजात विचारायला आले तेव्हा हेल्परने फळ्याकडे बोट केलं. फळ्यावरच्या आकड्यापेक्षा आम्ही अकरा जॉब पुढे होतो. लाईनवर कुणाचा हात थरथरला नाही, घाईत कुणी टूल तोडला नाही. नव्या जॉबवर आमच्याकडे टूल तुटतात ते बहुतेक भीतीने, हे मी वीस वर्षं बघत आलोय. घाबरलेला माणूस फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, वाढवतो.

यंदा मी झेंडा घेतलेला नाही. रिओच्या त्या आठवड्यानंतर धावायला आलेल्या दोघांपैकी एक, आता आमच्याकडचा सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा, ३:०० ची बस नेणार आहे. तो २:२० ला येतो, म्हणजे चाळीस मिनिटं शिल्लक. गेले दोन महिने रविवारी पहाटे आम्ही दोघं बोगद्यापासून वर जातो. तो बोलत पुढे आणि मी मागे, एखाद्या पहिल्यांदाच धावणाऱ्यासारखा सारखे प्रश्न विचारत. त्याने आपली पट्टी स्वतः काढली आहे, वर ९५ मिनिटं आणि खाली ८४. मला वरची ९३ असावीत असं वाटतं, खालचा उतार त्याच्या बसला इतका पळता येणार नाही. यावर आमचा दोन रविवार वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, त्याच्या बसमध्ये पहिल्यांदा घाट चढणारे जास्त असतील आणि त्यांना वर दोन मिनिटं जास्त द्यायलाच हवीत. मुद्दा बिनतोड नाही, पण त्याने तो लोकांबरोबर घाटात चढून काढलाय, माझ्यासारखा अंदाजाने नाही. पट्टी ९५ चीच छापायला टाकली आहे.